ढोलगिळ्याच्या लग्नाची पत्रिका

माझ्या नाटकाच्या वहीत एका पानावर समासात लिहिलेलं आहे, 'इथे गाणं कोपऱ्यावरून परत येतं.' ती वही अजून माझ्या कपाटात डावीकडच्या तिसऱ्या कप्प्यात आहे. परवा तुम्ही फोनवर सांगत होता की तुमच्याकडे एका प्रसिद्ध गोष्टीच्या आधीची गोष्ट दाखवणारा गाण्यांचा सिनेमा आला आहे, आणि असं काही कोणाला सुचतं याचं तुम्हाला फार नवल वाटत होतं. मला वाटलं नाही. आमच्या जळगावच्या घरात हे नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तुमच्या पणजोबांना, कितीतरी आधी सुचलं होतं, आणि त्यापायी चारशे माणसं उपाशी राहायची वेळ आली होती. ते सगळं नीट क्रमाने लिहून ठेवते.

आमच्याकडे प्रत्येक मुलाला एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक पाठ असायचं. त्यात ढोलगिळ्या राक्षसाची गोष्ट होती. हा राक्षस डोंगरावर एकटा राहतो. खाली गावात लग्न लागलं, वाजंत्री वाजली की उतरून येतो, ढोल गिळतो आणि निघून जातो. मग सगळी लग्नं मुकी होतात. शेवटी एक लहान मुलगी त्याच्या पोटावर थाप मारते आणि आत गेलेले सगळे ढोल एकदम वाजायला लागतात. गोष्ट एवढीच. माझ्या आईने ती ऐकली होती, मी ऐकली होती, माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, ती मला सांगून रडवलं होतं. नाना शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना या गोष्टीत एक व्याकरणाची चूक सापडावी तशी एक जागा सापडली होती. 'त्याला लग्नाच्या ढोलाचा एवढा राग का?' ते जेवताना विचारायचे. 'कारण न देता परिणाम सांगितलाय. ही गोष्ट मधूनच सुरू होते.' आई म्हणायची, राक्षस आहे, त्याला कशाला कारण लागतंय, तुम्ही आमटी घ्या.

एका उन्हाळ्यात नानांनी ते कारण लिहून काढलं. दोन अंकी, नऊ गाण्यांचं बालनाट्य. त्यात ढोलगिळ्या तरुण आहे, भला आहे, आणि त्याचं लग्न ठरलं आहे. लग्नाच्या दिवशी पंगत बसायच्या आधी एका क्षुल्लक गोष्टीवरून तो रुसतो आणि मांडवाच्या कडेला जाऊन बसतो. आमच्याकडे लग्नात कोणीतरी रुसायचंच, ती रीतच होती. आणि रुसलेल्याला हाताला धरून पाटावर आणून बसवायचं, ही त्याच्यापुढची रीत. नाटकात सगळ्यांना वाटतं, दुसरा कोणी तरी मनवायला जाईल. कोणीच जात नाही. ढोल मात्र वाजतच राहतो. शेवटी तो उठतो, ढोल गिळतो आणि डोंगर चढायला लागतो. पडदा. नानांनी हे आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा आई पदराने चष्मा पुसत बसली. तिला ढोलगिळ्या कोण आहे ते लगेच कळलं होतं. मला थोडं उशिरा कळलं.

माझे मोठे काका, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, एरंडोलजवळच्या आमच्या गावी राहायचे. शेती त्यांची, कापूस त्यांचा, आणि थंडी पडली की भरताच्या वांग्यांचं एक पोतं एसटीच्या टपावरून आमच्या घरी यायचं ते त्यांचं. ताईच्या लग्नापर्यंत यायचं. ताईच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं नानांनी वर्णानुक्रमाने लावली. नानांचं नाव आत्माराम, आबांचं वामन. आ आधी, व नंतर. नानांना त्यात काही चूक दिसली नाही, कारण शाळेच्या हजेरीपटात तसंच असतं. आबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि पंगत बसायच्या वेळी मांडवाच्या कडेला जाऊन बसले. नाना त्यांना मनवायला गेले नाहीत. ते म्हणाले, रागावण्यासारखं कारण काय आहे ते आधी त्यांनी सांगावं. आबा न जेवता एसटी स्टँडवर गेले. त्यानंतर चार हिवाळे पोतं आलं नाही. आई बाजारातून वांगी आणायची, चुलीवर भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायची, आणि नाना दोन घास खाऊन म्हणायचे, आत कच्चं राहिलंय. ते कच्चं नसायचं.

तालमी आमच्या गच्चीवर व्हायच्या, आणि गच्चीवर बिबडे वाळत असायचे. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे मोठे पापड, घालणं हे आईच्या दृष्टीने नाटकापेक्षा फार वरचं काम होतं. जुन्या धोतरांवर त्यांच्या ओळीच्या ओळी पसरलेल्या असायच्या, आणि त्यांच्यामधून ढोलगिळ्या नाचायचा. ढोलगिळ्या म्हणजे आमच्या शाळेतले पदार्थविज्ञानाचे पाटील सर. सहा फूट उंच, आवाज मात्र आजारी माणसाची चौकशी करावी तसा. ते तीन पावलं टाकायचे, एक लांब उडी मारायचे, पुन्हा दोन छोटी पावलं आणि आडवी उडी. नानांना हा नाच इतका आवडला की त्यांनी तो तसाच बसवला. पुढे रंगमंचावर बिबडे नव्हते, तरी सर न दिसणाऱ्या बिबड्यांना टाळून नाचले. लोकांना वाटलं राक्षस असेच नाचत असतील.

संगीत गफूर मास्तरांचं होतं. ते लग्नाच्या बँडचे मास्तर. उत्तम माणूस, कानाचे पक्के, फक्त त्यांच्या बँडला बसून किंवा उभं राहून वाजवता यायचं नाही. सगळी हयात वरातीपुढे चालत वाजवण्यात गेलेली. थांबले की ताल चुकायचा. म्हणून तालमीच्या वेळी बँड आमच्या गल्लीत चालायचा. गाणं सुरू व्हायचं, हळूहळू लांब जायचं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी पोचायचं, तिथे वळायचं आणि परत यायचं. तेवढा वेळ पाटील सर गच्चीवर एका पायावर थांबायचे. मी प्रॉम्प्टर होते, कॉलेजात इंग्रजी शिकत होते आणि मला प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची सवय होती. ते समासातलं वाक्य त्यातूनच आलं.

आता पत्रिकेचं. प्रयोगाची हँडबिलं छापायला मी झुंबरसेठच्या प्रेसमध्ये गेले, तर ऐन वैशाख. लग्नसराईत ते पत्रिकांशिवाय दुसरं काही छापत नसत. ते गणपतीच्या ठशावरची शाई पुसत म्हणाले, 'बाई, हँडबिल पायजे तर आषाढात या. पत्रिका पायजे तर परवा घ्या. चौकट बांधेल आहे, नावं सांगा.' नाटकाचं नाव 'ढोलगिळ्याचं लग्न'. मला वाटलं, याहून चांगली कल्पना कोणती? पत्रिकाच छापू. नाट्यगृह न मिळाल्यामुळे आमचा प्रयोगही एका मंगल कार्यालयातच होता. मी घरी जाऊन ताईची पत्रिका काढली आणि तिच्यावरून नवी लिहिली. श्री गजानन प्रसन्न. चि. ढोलगिळ्या, कै. डोंगरोबा यांचे सुपुत्र. चि. सौ. कां. वनमाला. गोरज मुहूर्त. स्थळ. ताईच्या पत्रिकेत खाली 'चूलबंद आवतण' असं होतं, तेही मी उतरवलं, कारण एखादी ओळ गाळायची तर त्याला काहीतरी कारण हवं. मग निमंत्रकांची नावं आली. तिथे माझा हात थांबला. मी आधी लिहिलं, श्री. वामन. त्याच्याखाली, श्री. आत्माराम.

नानांनी छापून आलेली पत्रिका बराच वेळ हातात धरली. 'क्रम चुकलाय,' ते म्हणाले. मी म्हटलं, 'मुद्दाम.' त्यांनी पत्रिका खिशात ठेवली आणि अंघोळीला गेले. त्याच दुपारी मी एका पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि आबांच्या पत्त्यावर टाकली. राक्षसाच्या लग्नाच्या पत्रिकेत ज्याचं नाव वर घातलं, तो मोठा माणूस हे मान म्हणून घेईल की थट्टा म्हणून, ते मला ठरवता येत नव्हतं. थट्टा वाटली असती तर वांग्यांचं पोतं या जन्मी आलं नसतं, आणि ते माझ्या अक्षरामुळे.

बाकीच्या पत्रिका गफूर मास्तरांनी वाटल्या. त्यांचा बँड रोज एका गावाला लग्नाला जायचा. तिथे ते वीस-पंचवीस पत्रिका गावातल्या मोठ्या माणसाच्या हातात ठेवून यायचे. आमच्या हिशेबाने पत्रिका वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळणार होतं की हे नाटक आहे. पण आमच्या भागात पत्रिकेतलं नवऱ्या मुलाचं नाव कोणी वाचत नाही, हे मला एकोणीस वर्षं तिथेच राहूनही माहीत नव्हतं. लोक दोनच गोष्टी वाचतात, बोलावतंय कोण आणि कुठे यायचंय. आबांचं नाव पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत. वामन आबांकडचं चूलबंद आवतण, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. न जाणं म्हणजे आबांचा अपमान.

प्रयोगाच्या दिवशी पाच वाजता मी कार्यालयाच्या दारात तिकीट फाडायला बसले होते. पहिलं कुटुंब आलं ते बैलगाडीतून उतरल्यासारखं धूळभरलं, नवे कपडे घातलेलं. त्यातल्या बाईने माझ्यापुढे स्टीलचा डबा ठेवला आणि विचारलं, आहेर कोणाकडे द्यायचा. मी म्हटलं, हे नाटक आहे. ती म्हणाली, असू दे, पण आहेर कोणाकडे द्यायचा. त्यांच्यामागे दुसरं कुटुंब टॉवेल-टोपी घेऊन उभं होतं. मग एक टेम्पो आला. मग अमळनेरकडची एसटी येऊन गेली आणि रस्त्यावर पन्नास माणसं सोडून गेली. एक म्हातारे गृहस्थ मला बाजूला घेऊन विचारू लागले की ढोलगिळ्या म्हणजे कोणता, तो बी.कॉम. झाला तो का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग पाळण्यातलं नाव असेल. मी आहेराची यादी करायला घेतली, कारण त्या गोंधळात मला जमण्यासारखं तेवढंच होतं. अठ्ठ्याहत्तर नावांनंतर वहीची पानं संपली.

रंगपटात आई कपाळाला हात लावून बसली होती. चारशे माणसं, सगळी सकाळपासून उपाशी, आणि आमच्याकडे कलाकारांपुरता एक डबा पोहे. नाना म्हणत होते की बाहेर जाऊन स्पष्टीकरण देतो. आम्ही त्यांच्यामागे मांडवात आलो, तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली आणि आबा आत आले. पांढरं धोतर, नवा फेटा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नानांकडे पाहिलं नाही. त्यांनी मांडव पाहिला, माणसं पाहिली, मग मान वर करून धूर शोधला.

'चूल कोठे शे?' त्यांनी विचारलं.

आईने डोक्यावरचा पदर नीट करत सांगितलं की चूल नाही, हे खोटं लग्न आहे, पोरीची चूक झाली. आबांनी खिशातून पत्रिका काढली, तिच्यावर बोट ठेवलं.

'मना नाव वर शे,' ते म्हणाले. 'लोके उपाशी गयात त नाव कोनं जाई?'

आणि ते मागच्या अंगाला चालू लागले. मागे स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या एका खऱ्या लग्नाचं सामान येऊन पडलं होतं आणि आचारी विड्या ओढत बसले होते. त्या लग्नातल्या मुलीच्या वडिलांना आबांनी कसं पटवलं ते मला माहीत नाही. एवढंच कळलं की गावाकडून पहाटेच्या आत तेवढंच पीठ, डाळ आणि तूप येईल असा शब्द त्यांनी दिला, आणि तो पाळला. दहा मिनिटांत मागे परातींचा आवाज सुरू झाला. तुपात बुडवून खायच्या बट्टीसाठी कणीक मळली जाऊ लागली, वांगी चिरली जाऊ लागली. आबांनी आचाऱ्यामार्फत पुढे निरोप पाठवला की स्वयंपाकाला दीड तास लागेल, तोवर लोकांना काहीतरी दाखवत राहा.

म्हणून आम्ही नाटक सुरू केलं.

एवढं शांत प्रेक्षागृह मी पुन्हा पाहिलं नाही. ते सगळे वऱ्हाडी होते, आणि वऱ्हाडी माणूस लग्न लागेपर्यंत उठत नाही. गफूर मास्तरांचा बँड पूर्ण गणवेशात खुर्च्यांच्या भोवती चालत होता. गाणं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं आणि दर फेरीला तुपाचा जास्त वास घेऊन परत यायचं. केस चिकटवलेली गोणपाटाची कफनी घालून पाटील सर नाचले, तेव्हा बायका एकमेकींना म्हणाल्या की मुलगा उंच आहे पण रंगाने जरा. मंगलाष्टकं झाली तेव्हा चारशे जणांनी अक्षता टाकल्या. आम्ही अक्षता दिल्याच नव्हत्या, त्यांनी घरून आणल्या होत्या.

मग रुसण्याचा प्रसंग आला. ढोलगिळ्या रुसला आणि रंगमंचाच्या कडेला जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसला. नववं गाणं सुरू झालं, ज्यात सगळे म्हणतात, जाईल कोणी, जाईल कोणी. बँड गाणं घेऊन लांब गेला. मी विंगेत वहीवर बोट ठेवून उभी होते. माझ्यासमोर, दुसऱ्या विंगेत, नाना उभे होते. त्या क्षणी मागचं दार उघडून आबा हात पुसत बाहेर आले, स्वयंपाक झाल्याचं सांगायला. त्यांनी रंगमंचावर पाहिलं. एक उंच पोरगा पंगतीच्या वेळी मांडवाच्या कडेला बसला होता आणि सगळे नुसते गात होते.

आबा तीन पायऱ्या चढून वर आले. पायांना पीठ लागलेलं होतं, त्याचे ठसे उमटत गेले. त्यांनी पाटील सरांचा हात धरला.

'ऊठ भाऊ, चाल,' ते म्हणाले. 'बट्टी थंडी व्हई ऱ्हायनी.'

पाटील सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीत पुढचं वाक्य 'मी आता कधीच खाली येणार नाही' असं होतं. ते मी त्यांना सांगायला हवं होतं, माझं कामच ते होतं. मी सांगितलं नाही. सर उठले. सहा फुटांचा राक्षस आबांच्या मागोमाग पायऱ्या उतरला आणि सरळ पंगतीला गेला, आणि चारशे माणसं त्याच्या मागे उठली. ढोल गिळायचा राहिला तो राहिलाच. बँड परत आला तेव्हा त्याला रंगमंचावर कोणीच दिसलं नाही, म्हणून तोही चालत चालत पंगतीकडे गेला.

वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मी वाढत होते. तीन पंगती उठल्या. आबा शेवटपर्यंत तुपाचं भांडं घेऊन फिरत होते, आणि सगळं आटोपल्यावर मांडवाच्या कडेला एका लाकडी खुर्चीवर जाऊन बसले. जेवले नव्हते. आईने नानांकडे पाहिलं. यावेळी नानांनी कारण विचारलं नाही. ते चालत गेले, शाळेत कधी न बोललेल्या बोलीत, अगदी त्याच शब्दांत म्हणाले, 'ऊठ भाऊ, चाल. बट्टी थंडी व्हई ऱ्हायनी.'

आबांनी विचारलं, 'पत्रिका कोनी लिखी?'

'पोरनी.'

'क्रम बराबर शे,' आबा म्हणाले आणि उठले. दोघे शेजारी शेजारी बसून जेवले. मी वाढायला गेले तेव्हा आबा नानांना सांगत होते की वांगी या आचाऱ्याला जमलेली नाहीत, आणि नाना तोंडात घास ठेवून जोरजोरात मान हलवत होते.

पुढे हेच नाटक आम्ही धुळ्याच्या स्पर्धेत नेलं. नानांनी शेवट तोच ठेवला, पंगतीचा. फक्त मनवणाऱ्या मोठ्या माणसाचं काम झुंबरसेठने केलं, कारण आबा म्हणाले की रोज रोज मनवायला आपण मोकळे नाही. प्रयोगानंतर एका परीक्षकाने नानांना विचारलं की सर, राक्षस जेवायला गेला, तर मग मूळ गोष्टीतले ढोल कोणी गिळले? तुमच्या नाटकानंतर मूळ गोष्ट घडूच शकत नाही. नानांकडे एरवी प्रत्येक प्रश्नाला उत्तर आणि वर एक अपवाद असायचा. ते म्हणाले, 'घडली नाही तर बरंच.' आम्हाला बक्षीस मिळालं नाही. त्या थंडीत पोतं आलं.

आबांना खरंच ते लग्न वाटलं होतं का, हे मी त्यांना फार वर्षांनी विचारलं, माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी. माझ्या पत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यात वर होतं, आणि पाहुण्यांपैकी निम्मे लोक सावधगिरी म्हणून घरून जेवून आले होते. आबा चिडले. 'मी काय येडा शे का? माले मालूम व्हतं ते नाटक शे.' मग म्हणाले, 'पन पोऱ्या उपाशी व्हता.'

हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक मला एका रद्दीवाल्याकडे मिळालं आहे. ते या कागदांबरोबर पाठवते आहे. आधी हे वाचा, मग ते. आणि पुस्तकात तो डोंगरावरून उतरून आला की पुढचं पान उलटण्याआधी त्याला एकदा विचारा, जेवलास का.